मच्छरदाणीतलं बिऱ्हाड

मला आयुष्यात पुष्कळांनी दमवलं. सासूबाईंनी दमवलं, मुलानं दमवलं, जयनगरच्या नळांनी तर आळीपाळीनं दमवलं. पण आवाज न चढवता, जागचं न हलता, 'वहिनी, तुम्हाला त्रास नको' असं म्हणत म्हणत मला पार पिळून वाळत घालणारे गृहस्थ अख्ख्या बंगळुरात एकच झाले, आणि ते नेमके माझे धाकटे दीर निघाले. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की अजूनही मी आधी बसून घेते. उभ्या उभ्या सांगण्यासारखे ते नव्हतेच.

भाऊजींनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे बेळगावकडच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं एकमेकांना विचारलं, त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. एका कारखान्यात टूल रूममध्ये ते नोकरीला होते. लोखंडाचा तुकडा अंगठ्याखालून फिरवून तो केसभर जाड की बारीक ते सांगायचे, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मग एके वर्षी, मुदत संपायला बराच अवकाश असताना, ते नोकरी सोडून घरी आले. 'पुरे झालं,' एवढंच म्हणाले आणि आमच्या भाड्याच्या घराच्या मागच्या खोलीत कोळ्यांपाशी जाऊन बसले. कोळी आधीपासून होतेच. आता त्यांना पूर्ण वेळचा माणूस मिळाला.

कोळी म्हणजे भिंतीवर असतात ते लांबलांब पायांचे नव्हेत. इंग्रजीत ज्यांना टॅरँटुला म्हणतात, त्या केसाळ कोळ्यांतली ही एक ठेंगणी जात. पाय पसरून बसला तरी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडासा मोठा. रंग मातीचा. पण पळायला लागला की कोळी आधी दिसायचा बरणीत, मग तुमच्या कोपरावर. मधला प्रवास कुणीच पाहिलेला नसायचा. आणि जाळं विणायचा ते नाजूक नक्षीचं नव्हे. मलमलीचा तागा उलगडून बरणीत कोंबावा तसं पांढरंशुभ्र, जाड, त्यात बोगदे, बोगद्यांना दारं, दारांना उंबरे. भाऊजींना हे बेळ्ळंदूरच्या तळ्यापलीकडच्या माळावर दगडांखाली सापडले. तिकडे तेव्हा नुसती शेतं होती आणि रिंग रोडसाठी खणायला नुकती सुरुवात झाली होती. दगड उलटेपालटे होताना पाहून भाऊजींचा जीव कळवळला, आणि त्यांनी कोळी डब्यात भरून आणले. माझ्या डब्यात. सकाळी मी त्यातून त्यांना उप्पीट दिलं होतं. संध्याकाळी मी तो घासायला म्हणून उघडला, आणि बंद करायला शेजारच्या अक्कांना यावं लागलं.

आता मी आजी झाले, गुडघे गेले, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. त्या काळची मी ही एक भयंकर बाई होती. चाळिशी नुकती उलटलेली, घरसजावटीच्या वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला कव्हर. टीव्हीला भरतकामाचं, फोनला क्रोशाचं, मिक्सरला प्लास्टिकचं; गॅसच्या सिलिंडरला तर मी झालरीचा फ्रॉक शिवला होता. घरात उघडं असं फक्त माझं तोंड होतं. छताच्या कोपऱ्यात एक जळमट दिसलं की ही बाई डोक्याला फडकं बांधून, स्टूल घेऊन धावायची. आणि त्याच घरात मागच्या खोलीत एक माणूस जळमटं वाढवत होता. मुद्दाम. चॉकलेटच्या मोठ्या बरण्यांतून, ओळीनं मांडून. मी कशालाच घाबरत नाही, असं ती बाई सगळ्यांना सांगत असे. सांगताना मागच्या खोलीकडे पाठ करून उभी राहत असे, एवढंच.

भाऊजींची पहिली अट मिक्सरची. कोळ्याला ऐकू येत नाही, त्याला हादरा कळतो, असं ते म्हणायचे. त्यामुळे चटणी वाटायच्या आधी मी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन वर्दी द्यायची. मग ते बरण्यांच्या फळीखाली आपला जुना स्वेटर चार घड्या करून सरकवायचे, 'सरी' म्हणायचे, म्हणजे कानडीत 'बरं', आणि मग माझी चटणी. पाहुणे ओट्यापाशी गप्पा मारत उभे असले की मला मोठा प्रश्न पडे. आमच्याकडे चटणी वाटायला परवानगी लागते, हे कुठल्या तोंडानं सांगणार? दार आपटायची बंदी, जातं सरकवायची बंदी. यांच्या घोरण्यावर बंदी घालता येईना, तेव्हा भाऊजींनी आमच्या खोलीला लागून असलेली फळी उचलून पलीकडच्या भिंतीला ठोकली. ठोकण्याआधी सगळ्या बरण्या अंगणात, पेरूखाली, सावलीत. यांना हे कळलं तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळं त्यांची झोपमोड होत होती, असं का?" भाऊजी म्हणाले, "नाही अण्णा, स्वल्पच."

जेवण हा त्याहून दमवणारा विषय. कोळ्यांना लागत नाकतोडे, रातकिडे, आणि पावसाळ्यात यांतलं काही नाही मिळालं तर झुरळाची पिल्लं. त्यामुळे आमच्या घरी कीटकनाशक फवारायचं नाही असा नियम झाला, आणि गंमत अशी की सगळ्या जयनगरात बिनझुरळांचं घर आमचंच राहिलं. असतील नसतील तेवढी भाऊजींनी वेचून संपवली. मग ते बाहेर पडले. शेजारच्या अक्का म्हणजे कुंपणापलीकडच्या कानडी बाई. माझं कानडी आणि त्यांचं हिंदी, दोन्ही सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं कधी भांडण झालं नव्हतं. एका सकाळी भाऊजी हातात रिकामी बाटली घेऊन त्यांच्या दारात गेले आणि अत्यंत अदबीनं विचारते झाले, "अक्का, जिरळे इदेया?" झुरळं आहेत का, म्हणे. साखर आहे का विचारावं तसं. त्यांच्या स्वयंपाकघरात त्या वेळी त्यांच्या विहीणबाई बसल्या होत्या. पुढं बरेच दिवस कुंपणावरून ना कोसंबरी आली, ना होळिगे, म्हणजे त्यांची पुरणपोळी. मला वाटलं, मला मधुमेह झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मग एकदा अक्का कपडे वाळत घालताना स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणाल्या की आमच्या घरात झुरळ नाही, कधी नव्हतं, आणि ज्यांच्या दिराला हवी आहेत त्यांनी मार्केटात बघावीत. तेव्हा कुठे मला सगळा उलगडा झाला. भाऊजींना विचारलं तर त्यांना यात काय चुकलं तेच कळेना. "वहिनी, फुकट थोडीच नेणार होतो. बाटली माझीच होती."

आणि कात. हे कोळी वाढताना कात टाकतात, आणि टाकताना पाय वर करून उताणे पडतात. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं गेला बिचारा, आणि खरं सांगते, मनात थोडा आनंदही झाला. मी भाऊजींना हळुवार आवाजात, चेहरा पाडून, ही बातमी दिली. ते हसले नाहीत. नुसते बोट ओठावर ठेवून बसून राहिले. दुपारपर्यंत त्या बरणीत दोन कोळी झाले. एक नवा, ओला, थकलेला, आणि शेजारी त्याचा रिकामा अंगरखा, केसांसकट, नखांसकट. तो अंगरखा त्यांनी वाळवून, कापसावर ठेवून, माझ्या वाढदिवसाला मला भेट दिला. "अख्खा आहे," म्हणाले. "एकही पाय तुटलेला नाही. असा मिळत नाही." त्या काळच्या त्या बाईनं काय करावं? किंचाळावं तर शौर्याचा बोभाटा झालेला. तिनं तो शोकेसमध्ये, चंदनाच्या हत्तीच्या शेजारी ठेवला. सजावटीच्या वर्गातल्या एक बाई घरी आल्या, त्यांनी बराच वेळ न्याहाळून हे नाजूक काम कुठल्या एम्पोरियममध्ये मिळालं असं विचारलं, आणि मी, देवा, पत्ता सांगितला.

पण भाऊजींचं खरं वैभव बघायचं ते बिऱ्हाड हलवायच्या दिवशी. कोळी वाढला किंवा जाळं बरणीच्या तोंडाशी आलं की त्याला मोठ्या बरणीत न्यायचं, त्याला ते बिऱ्हाड हलवणं म्हणत. इतक्या चपळ प्राण्याला उघड्यावर हलवायचं म्हणजे तो फ्रिजखाली गेलाच समजा. म्हणून भाऊजी हे काम मच्छरदाणीत करत. दुपारी जेवणं झाली की आपल्या खाटेवर पांढरी चादर अंथरायची, मच्छरदाणी सोडून चारी बाजूंनी गादीखाली खोचायची, आणि आत मांडी घालून बसायचं. शर्टाच्या बाह्यांना रबरबँड, पायजमा मोज्यांत कोंबलेला. समोर जुनी बरणी, नवी बरणी, रंगवायचा ब्रश, एक काचेचा पेला आणि एक लग्नपत्रिका. कोळी निसटलाच तर पेला त्याच्यावर उपडा घालायचा आणि खालून पत्रिका सरकवायची. पोस्टकार्ड वाकतं, पत्रिका वाकत नाही. त्यामुळे आमच्याकडे आलेली प्रत्येक पत्रिका भाऊजी आधी वाकवून बघत. लग्नाला ते कधी गेले नाहीत, पण कुठलं स्थळ भक्कम आहे ते पत्रिकेवरून बरोबर सांगत.

त्यांचा तो हात बघण्यासारखा असे, हे माझ्यासारख्या पळपुट्या बाईलाही मच्छरदाणीच्या बाहेरून कळायचं. ब्रशचं टोक जाळ्याच्या दारातून आत जायचं आणि कोळ्याच्या मागच्या पायाला इतकं हलकं लागायचं की त्याला वाटावं आपल्यालाच कुठंतरी जावंसं वाटतंय. तो निघायचा, आणि समोर नव्या बरणीचं तोंड असायचं. जुन्या जाळ्याचा एक तुकडा कात्रीनं कापून भाऊजी आधीच नव्या बरणीत ठेवत. "सामान नको का त्याला," म्हणायचे. ते कधी कोळ्याच्या मागे लागले नाहीत. मागे लागलं की पळतो, वाट दिली की जातो, असं त्यांचं म्हणणं. अक्का त्यांना जेडर अण्णा म्हणायच्या, कानडीत कोळ्याला जेड म्हणतात म्हणून. पण एकदा हे काम कुंपणावरून खिडकीतून पाहिल्यावर त्या म्हणण्यातली चेष्टा जरा कमी झाली, आणि होळिगेही परत सुरू झाली.

असं सगळं मी कुरकुरत सोसत असताना घरमालकांना तीन मजले चढवायची बुद्धी झाली. घर पाडायचं ठरलं. आम्ही के. आर. पुरमला फ्लॅट घेतला. तेव्हा तिकडे राहायला जाणं म्हणजे जयनगरच्या लोकांना परगावी जाण्यासारखं वाटे. दोन खोल्या, एक हॉल. एक खोली आमची, एक हॉस्टेलवरच्या मुलाची. भाऊजींचं काय, यावर भावंडांत फोन झाले. शेवटी ठरलं की त्यांनी धारवाडला, माझ्या नणंदेकडे जावं. तिचं घर मोठं. तिनंही मोकळेपणानं कळवलं, तू ये, तुझे किडे नकोत. यांनी ते भाऊजींना सांगितलं. भाऊजी 'सरी' म्हणाले. ते कशालाही सरीच म्हणायचे, त्यामुळे त्यातलं कुठलं सरी खरं आणि कुठलं नुसतं, हे ओळखायचं काम माझ्याकडे असे आणि मी त्या दिवसांत काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळण्यात गुंतले होते.

कोळी जिथून आणले तिथं सोडून यायचे, असं आधी ठरलं. दोघे भाऊ स्कूटरवरून बेळ्ळंदूरला जाऊन बघून आले. आल्यावर हे पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिथं खडी पडलीय." भाऊजी सरळ मागच्या खोलीत गेले. मग ठरलं की रामनगरकडच्या खडकांत सोडावेत. सामान हलवायच्या दिवशी भाऊजी सगळ्या कोळ्यांना छोट्या डब्यांत घालतील, संध्याकाळी बसनं रामनगर गाठतील, आणि दुसऱ्या दिवशी धारवाडची गाडी. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतून रिळांच्या पांढऱ्या डब्या आल्या. त्यांच्या झाकणांना भोकं मात्र मीच पाडली, तापल्या सुईनं. भाऊजी बाहेर जायचंय म्हणाले. आठवडाभर मी सांगतेय, भाऊजी, डब्या भरा. आणि ते म्हणताहेत, उद्या.

तो दिवस उजाडला. सकाळपासून घर म्हणजे नुसती दोरी आणि पोती. हे टेम्पो आणायला गेलेले. मी मागच्या खोलीत डोकावले तर फळीवरच्या बरण्या जशाच्या तशा. आणि जवळून पाहिलं तेव्हा, जन्मात पहिल्यांदा इतक्या जवळून, लक्षात आलं की त्या बरण्यांत आता जागाच उरलेली नाही. काठोकाठ जाळं, झाकणाच्या आतून चिकटलेलं, जसा कापूस ठासून भरलाय. कितीतरी महिन्यांत कुणाचंही बिऱ्हाड हललेलं नव्हतं.

"त्यांना असंच आवडतं," भाऊजी म्हणाले.

त्या काळची ती बाई ओरडली नसती तरच नवल. तिनं टेम्पोचा, नळाचा, धारवाडचा, सगळा राग त्यांच्यावर काढला, स्वतः चादर अंथरली, मच्छरदाणी सोडली आणि म्हणाली, बसा. ते आत जाऊन बसले. मी बाहेर पोत्यावर बसले, कारण भरून झाल्याशिवाय हलायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्यांनी पहिली बरणी उघडली. ब्रश उचलला. ब्रशचं टोक जाळ्याच्या दाराशी गेलं, आणि ते तिथं थरथरायला लागलं. आधी मला वाटलं पंख्याचा वारा. पंखा तर काढून टेम्पोसाठी गुंडाळून ठेवला होता. ब्रश जाळ्यावर नुसता बडवल्यासारखा लागत होता. कोळी बाहेर आला, सरळ त्यांच्या मनगटावरून खांद्यावर, खांद्यावरून उशीखाली. भाऊजींनी पेला उचलला आणि तो हातातच इतका हलला की त्यांनी तो खाली ठेवून दिला. मग त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. लहान मुलं परीक्षेत कमी पडलेले गुण दाबून धरतात, तसा.

"वहिनी, हात ऐकत नाही," ते म्हणाले. "अण्णाला सांगू नका. धारवाडला कळलं तर तिकडंही नको म्हणतील. मग मी कुठं जाऊ?"

स्वतःबद्दल एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. कारखाना का सोडला होता, ते मला पोत्यावर बसल्या बसल्या कळलं. केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाला काय 'पुरे झालं' होतं, तेही. रागावण्याइतकी ताकद अंगात असती तर मी रागावले असते, की आमच्याच घरात राहून आमच्यापासून लपवलंत. पण सकाळपासून मी इतकी उभी होते की मला फक्त आणखी एका ठिकाणी बसावंसं वाटलं. मी गाऊनच्या बाह्यांना रबरबँड लावले आणि मच्छरदाणीत शिरले.

पुढचा तासाभराचा कार्यक्रम मी कुणाला सविस्तर सांगत नाही, कारण त्यात माझी फारशी शोभा नाही. समोरासमोर मांड्या घालून आम्ही दोघं. ते सांगणार, मी करणार. आधी उशीखालचा फरारी. पेला मी उपडा घातला तो उशीच्या खोळीवरच्या फुलावर. दुसऱ्यांदा कोळ्यावर. पत्रिका सरकवली, कुठल्याशा निपाणीच्या लग्नाची, भक्कम होती. एक डबी भरली. मग दुसरी बरणी. "ब्रश वरून नको, मागून. पायाला नुसतं कळू दे." मी श्वास रोखून बसले तर म्हणाले, श्वास घ्या. घेतला तर म्हणाले, एवढा नको, त्याला वारा लागतो. कधी घेऊ ते तरी सांगा, म्हटलं मी. त्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असावं, कारण त्यात त्यांना ठसका लागला आणि सगळ्या बरण्या हादरल्या.

चौथी की पाचवी बरणी असेल, त्यातली मादी सगळ्यांत मोठी. ती निघाली ती ब्रशवरून माझ्या हातावर, दंडावर, आणि गळ्याशी मंगळसूत्रापाशी येऊन थांबली. मला तिचे पाय जाणवत होते, आठही. किंचाळायचं म्हणजे आधी तोंड उघडायला हवं, आणि तेवढंही हलायची माझी हिंमत नव्हती. त्यालाच लोकांनी पुढं धैर्य म्हटलं. नेमक्या त्याच वेळी अक्का आमच्यासाठी डबाभर बिसिबेळे भात घेऊन मागच्या दारानं आल्या. रिकामं घर, पोती, आणि खाटेवर मच्छरदाणीत मोजे घातलेला दीर आणि रबरबँडवाली वहिनी, दोघंही पुतळ्यासारखी. अक्कांनी डबा जमिनीवर ठेवला, बराच वेळ पाहिलं आणि 'आमेले बर्तिनी,' मग येते, म्हणून निघून गेल्या.

"हलू नका," भाऊजी पुटपुटले. "जाईल ती. तिला तुम्ही घर वाटताय."

"भाऊजी," मी ओठ न हलवता म्हटलं, "मी घर नाही म्हणून सांगा तिला."

"मी काय सांगणार. माझंच ठरेना अजून."

हे ते विनोदानं म्हणाले की कसे, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी डावा हात पुढं करून डबी माझ्या खांद्याशी धरली. तोही हात थरथरत होता, पण ती डबीच्या अंधारात आपणहोऊन शिरली, जणू तिला थरथरणारं दारच ओळखीचं होतं. आता झाकण लावायचं. ते लावताना झाकण डबीच्या काठावर टकटक वाजायला लागलं. वाजतंय, वाजतंय, बसत नाही. मी हात पुढं करणार तर माझ्या लक्षात आलं, हे दारात उभे आहेत. कधी आले होते कोण जाणे. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. यांना झाकणाचा आवाज नीट ऐकू येत होता. तुकडा अंगठ्याखालून फिरवून सांगायचा, असं ज्याच्याबद्दल जगाला ऐकवलं, त्याच्या हाताचा तो आवाज.

हे खाटेपाशी आले. मच्छरदाणी वर करायचं त्यांना सुचलं नाही, किंवा कोळ्यांची भीती वाटली असेल. जाळीच्या बाहेरूनच त्यांनी भाऊजींच्या मुठीवर आपला पंजा ठेवला. टकटक थांबली. झाकण बसलं.

"कधीपासून?" यांनी विचारलं.

"कारखान्यात होतो तेव्हापासून."

यांनी उरलेल्या बरण्यांकडे पाहिलं, डब्यांच्या खोक्याकडे पाहिलं, माझ्या रबरबँडकडे पाहिलं. मग म्हणाले, "टेम्पोत मागं नका ठेवू हे. हिसके बसतील. पुढं मांडीवर घे." आणि टेम्पोवाल्यावर ओरडायला निघून गेले.

एवढंच. रामनगरचं नाव नाही, धारवाडचं नाव नाही. आमच्या घरातले पुरुष महत्त्वाचं बोलणं सामानाच्या भाषेत करतात, आणि पुढचा अर्थ लावायला बायकांना ठेवलेलं असतं. भाऊजी ड्रायव्हरशेजारी खोकं मांडीवर घेऊन बसले. आम्ही स्कूटरवरून मागोमाग. जयनगर ते के. आर. पुरम, त्या काळीही रस्ता लांबच. सिग्नलला टेम्पो थांबला की बाजूनं त्यांची पाठ दिसे, खोक्यावर वाकलेली. यांना मी मागून विचारलं, काय ठरवलंत? हे म्हणाले, वारा आहे, ऐकू येत नाही.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट येणार होती, ती अजून येतेच आहे. हमालांनी कपाट चढवलं, फ्रिज चढवला, माझा सिलिंडर फ्रॉकसकट चढवला. दिवेलागणीला सगळे गेले. हॉलमध्ये पोत्यांच्या डोंगरात मी बसले होते. घरसजावटीचं प्रमाणपत्र कुठल्या पोत्यात गेलं त्याची मला फिकीर नव्हती. पाणी कुठं आहे तेही विचारायची ताकद नव्हती. आणि भाऊजी दिसेनात. पाहिलं तर ते दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले. मांडीवर खोकं, शेजारी त्यांची धारवाडची बॅग. रामनगरची शेवटची बस निघून गेली होती. ते कुणाला विचारत नव्हते. ज्याला आत यायला सांगितलेलं नाही तो माणूस जसा बसतो, तसे उंबऱ्याबाहेर पाय नीट जुळवून बसले होते.

मी यांच्याकडे पाहिलं. हे हॉलमधला बल्ब लावत होते. लागलेला बल्ब काढत होते आणि पुन्हा लावत होते. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा बल्बकडे. म्हणजे हेही माझ्याचकडे आलं. नणंदेला काय कळवायचं, मुलगा सुट्टीत येईल तो कुठं झोपेल, हात आणखी बिघडला की कोण बघणार, जेवण कोण भरवणार, त्या डब्यांतल्यांची बिऱ्हाडं कोण हलवणार, हे सगळं मला त्या क्षणी दिसलं, अगदी ओळीनं मांडल्यासारखं. मी उठले. गुडघ्यांनी तेव्हाच पहिली तक्रार केली असावी. दारात गेले.

"भाऊजी, आत या," मी म्हटलं. "डास येतायत."

"सरी," ते म्हणाले, आणि खोकं छातीशी धरून आत आले.

हे सरी कुठलं, ते ओळखायला मला या वेळी काही कष्ट पडले नाहीत. मुलाच्या खोलीत फळी ठोकली गेली. मच्छरदाणीत पुढं मीच बसू लागले आणि भाऊजी बाहेर स्टुलावर बसून सूचना देऊ लागले. त्या सूचनांनी मला किती दमवलं ते सांगायला आणखी एक आयुष्य लागेल. त्यांचे हात मग चमच्यालाही ऐकेनासे झाले, मग पाय, मग आवाज. एकेक करत कोळीही गेले, आपापल्या वयानं. ते स्वतः गेले तेव्हा शेवटची मादी होती, तीही त्यांच्यामागून फार राहिली नाही.

हल्ली दुपारी आडवी पडले की मला फार सुरेख वाक्यं सुचतात. हे घर तुमचंच आहे, भाऊजी. तुम्ही नसलात तर आम्हाला करमायचं नाही. अशी किती तरी, पुस्तकात शोभावीत अशी. त्या दिवशी त्यांतलं एक सुचलं असतं तर काय बिघडलं असतं? पण दमले होते हो फार. सुचलं ते डासांचं. त्यांनी मात्र तेवढ्यावर उरलेलं सगळं आयुष्य काढलं.